वॉलमनचे लंगोट

पुंडलिक वॉलमननं आयुष्यभर शिव्या खाल्ल्या त्या पाण्यावरून. लंगोटावरून शिव्या खायची पाळी त्याच्यावर आली ती वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आणि त्याही घरातल्याच माणसांच्या.

एकतीस वर्षं तो शहराच्या पाणीपुरवठ्यात होता. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी टाकायची, सायकलवरून ठरलेल्या चेंबरपाशी जायचं, झाकण उचलायचं, वॉल्व्हला चावी लावायची आणि मोजून फेरे द्यायचे. मग त्या गल्लीच्या नळांना पाणी यायचं आणि वॉलमनच्या नावानं शंख सुरू व्हायचा. चढावरच्याला कमी आलं, शेवटच्या घराला आलंच नाही, शेजारच्या गल्लीला पाच मिनिटं जास्त सोडलं. भावसिंगपुऱ्यात तो स्वतः राहायचा त्या गल्लीलाही त्यानं कधी एक मिनिट वाढवून दिलं नाही. त्याची बायको गोजरबाई हा गुन्हा अजून विसरलेली नाही. वॉलमनची बायको असून हंडे रिकामे, हे वाक्य तिनं संसारात मिठासारखं रोज वापरलं.

या नोकरीनं त्याला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे नजर. रस्त्यावरची नाहीतर भिंतीवरची ओल बघून पाणी नेमकं कुठून फुटलंय हे तो उभ्या उभ्या सांगायचा, आणि खोदलं की तिथंच फुटकी लाईन निघायची. दुसरी म्हणजे रुखरुख. पाणी सोडायच्या वेळा अशा आडनिड्या, की त्याचा एकुलता एक मुलगा सुयश कधी पालथा पडला, कधी बसला, कधी चालला, हे सगळं त्याला गोजरबाईच्या तोंडून कळलं. पोराला मांडीवर घेऊन निवांत बसलोय असा एकही दिवस त्याला आठवत नव्हता. म्हणून निवृत्तीनंतर नात झाली आणि अडीच महिन्यांची होऊन आईबरोबर माहेराहून घरी आली, तेव्हा हा माणूस पार खुळावला. सईला मांडीवर घ्यायचं आणि कुणी मागितली तर ऐकूच येत नाही असं दाखवायचं, हा त्याचा दिवसभराचा उद्योग झाला.

पण तिथंच माशी शिंकली. बाजारच्या डायपरनं पोरीचं बूड लालबुंद झालं. डॉक्टर म्हणाले, काही महिने डायपर बंद, सुती कापड वापरा, हवा लागू द्या. डॉक्टरांचं काय जातंय सांगायला. त्यांनी गल्लीचा नळ बघितला नव्हता. नळाला पाणी आठव्या दिवशी, तेही पाऊण तास. घरात एक टाकी, दोन ड्रम आणि बाकी सगळी भांडी. गोजरबाई भाजी धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसायची आणि फरशीचं पाणी कढीपत्त्याला घालायची. अशा घरात पोर दिवसातून पंधरा-वीस वेळा भिजवणार. साधं फडकं बांधलं की फडकं ओलं, दुपटं ओलं, खालची गोधडी ओली, आणि ज्यानं घेतलंय त्याचं लुगडं किंवा लेंगा ओला.

सून संध्या फुलंब्रीची. बोलायला कमी, हिशेबाला पक्की. तिनं दोनच दिवसांत सांगून टाकलं की लंगोट धुण्यापुरतं पाणी घरात आहे, गोधड्या धुण्यापुरतं नाही. तेव्हा सई बसायला लागेपर्यंत मी तिला घेऊन फुलंब्रीला जाते. तिनं वडलांना फोन लावला. बद्रीनाथ, म्हणजे पुंडलिकचे व्याही, मोसंबीची बाग, बोअरला बारमाही पाणी. मुलीचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी विचारलं की गाडी कधी आणू.

पुंडलिकनं बोटांवर महिने मोजले. बसायला लागेपर्यंत म्हणजे चार महिने. चार महिन्यांत पोर ओळख विसरतं. पहिल्या वेळी नोकरीनं पोर हिरावलं आणि आता नळ हिरावणार, असं त्याला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले. पण रडणं त्याला जमत नव्हतं, म्हणून तो फुशारकी मारून बसला. दहा दिवस द्या, म्हणाला, मी गळणार नाही असे लंगोट शिवून दाखवतो. गळती काढणं हेच तर आपलं काम.

सुयश बिडकीनच्या कंपनीतून ड्यूटी करून नुकताच आला होता, त्याला हसू आवरेना. गोजरबाई मात्र हसली नाही. "एकतीस वर्षांत गावाची गळती थांबली नाय यांच्यानं," ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अन् आता पोरीची थांबवणार."

संध्यानं शांतपणे अट घातली आणि ती फोनवरून आबांना, म्हणजे वडलांनाही कळवली. पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी आबा येणार. त्या दिवशी सकाळपासून आबा जेवून उठेपर्यंत गोधडी, दुपटं किंवा कुणाचे कपडे भिजले नाहीत, तर ती राहील. एकदा जरी गळलं तर गाडीत बसेल. पुंडलिकनं मान डोलावली. सुईत दोरा कसा घालतात हेसुद्धा त्याला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो गुलमंडीत गेला. कापडाच्या दुकानात चार बायकांच्या मधोमध उभं राहून लंगोट हा शब्द काही त्याच्या तोंडातून निघेना. दुकानदारानं विचारलं, काय दाखवू. हा म्हणाला, मऊ काहीतरी. कशासाठी? चड्डीसाठी. कुणाच्या? घरच्याच. कंबर किती? पुंडलिकनं दोन्ही हातांच्या बोटांनी एक वर्तुळ करून दाखवलं, तेव्हा कुठं दुकानदाराच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यानं फलालीनचा तागा खाली काढला. फलालीन, इलॅस्टिक आणि टिचबटणं घेऊन पुंडलिक असा घाईनं बाहेर पडला की जणू चोरी करून निघालाय.

शिलाई मशीन होतं तीन घरं सोडून मनकर्णाबाईकडं. ती ब्लाऊज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करायची, आणि तिचं घर गल्लीच्या शेवटाला. म्हणजे नळाचं पाणी सगळ्यात शेवटी पोहोचणारं. वॉलमनला शिव्या देण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता तोच वॉलमन दारात फलालीन घेऊन उभा राहिल्यावर तिनं ही संधी सोडावी कशी? तिनं त्याला शिकवायचं कबूल केलं, पण मशीन मुद्दाम ओट्यावर आणून ठेवलं. येणारी जाणारी प्रत्येक बाई थांबून बघणार, अशी सोय.

पहिले दोन दिवस त्यानं दोऱ्याशिवाय नुसत्या वर्तमानपत्रावर सुई चालवली. रेघ सरळ जायची नाही. मशीनचं चाक तो वॉल्व्हसारखं उलटं फिरवायचा आणि खाली दोऱ्याचा गुंता व्हायचा. एकदा सुई नखातून आरपार गेली. मनकर्णाबाईनं हळद लावली आणि एवढ्यात बंद करायचं असेल तर सांगा, असंही विचारलं. तो नाही म्हणाला. बाजारचा एक डायपर उलगडून कागदावर ठेवला, पेन्सिलीनं भोवती रेघ मारली आणि त्या मापावर कापड बेतलं. गळती मधल्या भागातून होत नाही, जॉइंटातून होते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इथं जॉइंट म्हणजे मांड्या. म्हणून मांड्यांना इलॅस्टिक. पहिल्या लंगोटाला त्यानं ते न ताणता सपाट शिवलं, त्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही. दुसऱ्याला इतकं ताणलं की शिवून झाल्यावर त्याची पोटलीच झाली. तिसरा मात्र लंगोटासारखा दिसला. तो त्यानं ओट्यावरच्या दोरीवर टांगला आणि गल्लीतून दोनदा उगाच जाऊन आला.

पाणी शोषायला मध्ये काय घालायचं याचा विचार त्यानं आधीच केला होता. घरात आहेराचे टॉवेल ढिगानं पडले होते. आपल्याकडं पुरुषाचा मान करायचा म्हणजे टॉवेल-टोपी. निवृत्तीच्या कार्यक्रमातच त्याला सतरा टॉवेल मिळाले होते, त्यातले निम्मे त्याला शिव्या घालणाऱ्यांचे. गोजरबाईनं प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी लावून ठेवली होती, कुणाकडून आला ते लिहून, म्हणजे पुढच्या लग्नात तो देताना चुकून त्याच घरी परत जायला नको. पुंडलिकनं चिठ्ठ्या काढल्या आणि नऊ टॉवेल कापले. गोजरबाईला कळलं तेव्हा ती म्हणाली, सुयशच्या मावसभावाच्या लग्नात आता लंगोटच नेऊन द्या.

कापायच्या आधी मनकर्णाबाईनं एक गोष्ट बजावली होती. नवं कापड आधी पाण्यातून काढून घ्या, मगच बेता. पुंडलिकनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाणी येऊन सहा दिवस झालेले, एक ड्रम पालथा, आणि ज्या कापडाला अजून मळ लागला नाही ते धुवायचं? हे त्याच्या रक्तातच बसेना. नवं, कोरं कापड धुणं म्हणजे भरलेल्या हंड्याला लाथ मारणं. दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक झाली असती तर तिला आळस म्हणाले असते. इथं ती शिस्तच होती. त्यानं न धुतलेल्या फलालीनचे आणि न धुतलेल्या टॉवेलांचे बारा लंगोट शिवले, टिचबटणं लावली आणि गुरुवारी सकाळी पहिला सईला बांधला. सगळं घर भोवती जमलं होतं.

सईनं पाच मिनिटंही लावली नाहीत. आहेराचे टॉवेल ते, त्यांना भरपूर खळ. थेंब थेंब त्यावरून अळवाच्या पानावरून ओघळावा तसा ओघळला आणि मांडीच्या फटीतून थेट पुंडलिकच्या लेंग्यात आला. संध्यानं कॅलेंडरकडं बघितलं. रविवार तीन दिवसांवर होता.

तो लंगोट धुतला, तेव्हा तर कहरच झाला. टॉवेल आणि फलालीन दोन्ही आटले, पण सारखे आटले नाहीत. दोरा आणि इलॅस्टिक होते तेवढेच राहिले. दोरीवर वाळायला घातलेला लंगोट संध्याकाळी काढला तर त्याचा कानवला झाला होता, कडा मुरडलेला, मधे फुगलेला. मनकर्णाबाई येऊन बघून गेली. ती काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं पुंडलिकला एकतीस वर्षांच्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं. त्या दिवशी तो जेवला नाही. सई त्याच्या बोटाला धरून झोपली होती, ते बोट त्यानं बराच वेळ सोडवून घेतलं नाही.

शुक्रवारी पाणी आलं. गोजरबाईनं टाकी भरली, ड्रम भरले, आणि मग नळाची नळी नवऱ्याच्या हातात दिली. तिनं एवढंच सांगितलं की आता पंधरा मिनिटं नळ तुमचा. गल्लीनं त्या दिवशी जे बघितलं त्याच्यावर तिचा विश्वास बसेना. मोटारी लावू नका, गाड्या धुवू नका म्हणून घसा फोडून ओरडणारा पुंडलिक वॉलमन दारात उकिडवा बसून उरलेले आठ टॉवेल धुवत होता, खळ निघेपर्यंत, एकदा, दोनदा, तीनदा. शेजारीण म्हणाली, पाणी वाया चाललंय, कुणी वॉलमनला बोलवा रे. सगळी गल्ली हसली. पुंडलिकही हसला, पण नळी त्यानं सोडली नाही.

वरच्या कापडाचा प्रश्न त्यानं कपाट उघडून सोडवला. वर्षानुवर्षं धुवून धुवून ज्याचा जीव गेलाय असं घरातलं कापड कुठलं? त्याचे स्वतःचे बनियन. आता आटायचे तेवढे आटून झालेले, मऊ, ताणणारे. त्यानं चार बनियन कापले आणि उघड्या अंगावर शर्ट घालून मनकर्णाबाईच्या ओट्यावर बसला. या वेळी तिनं मशीन स्वतःहून आत घेतलं. शनिवारी दुपारी सहा लंगोट तयार झाले. त्यानं एका लोडाला लंगोट बांधला, बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं आणि बाळाच्या अंदाजानं पाणी सोडून घड्याळ लावलं. एकदा पोटाकडून गळलं, तिथं एक पदर वाढवला. मग गळलं नाही. वापरलेलं पाणी त्यानं सवयीनं कढीपत्त्याला घातलं.

रविवारी सकाळपासून घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पहिला लंगोट टिकला, दुसरा टिकला. दर वेळी संध्या लंगोट सोडायची, खालच्या गोधडीवरून हात फिरवायची आणि कोरडी म्हणायची. सुती कापडानं बूडही आता गुलाबीवर आलं होतं. अकराच्या सुमाराला पाचवा लंगोट सुटला, गोधडी कोरडी, आणि दारात गाडी थांबली.

बद्रीनाथ पांढऱ्या स्वच्छ लेंग्या-शर्टात उतरले. जयभीम झाला, गळाभेट झाली, आणि त्यांनी गाडीतून पाण्याचे दोन भरलेले जार बाहेर काढले.

"बोअरचं हाय, इवाई," ते अगदी साळसूदपणे म्हणाले. "म्हटलं रिकाम्या हातानं कसं जावं."

गोजरबाई तोंडाला पदर लावून आत पळाली. पुंडलिकनं मुकाट जार उचलून आत ठेवले. गाडीच्या मागच्या सीटवर त्याची नजर गेली. तिथं नवी कोरी छोटी गादी अंथरली होती, दोन्ही बाजूंना लोड लावले होते आणि खिडकीला उन्हासाठी ओढणी बांधली होती. ते सगळं बघून पुंडलिकला पहिल्यांदाच लक्षात आलं की संध्याच्या लग्नानंतर त्या फुलंब्रीच्या घरातही दोनच म्हातारी माणसं आहेत.

सईला सहावा लंगोट बांधला आणि बद्रीनाथांच्या मांडीवर दिलं. ती तिथंच झोपली. ताटं वाढली, मटणाचा रस्सा, भाकरी, कांदा. बद्रीनाथ एका हातानं नात सांभाळत दुसऱ्यानं जेवू लागले. समोर पुंडलिक बसला होता, त्याच्या हातात भाकरीचा पहिलाच तुकडा होता आणि तो तोंडात जात नव्हता. बद्रीनाथ बागेबद्दल सांगत होते, पोरगी मोसंबीच्या झाडाखाली पाळण्यात कशी झोपेल ते सांगत होते. बोलता बोलता ते मध्येच थांबले.

अंघोळीचं पाणी जास्त कढत निघाल्यावर माणसाचा होतो तसा त्यांचा चेहरा क्षणभर झाला. त्यांनी खाली बघितलं नाही. समोर बघितलं. पुंडलिकच्या हातातला तुकडा, शर्टाच्या उघड्या गुंडीतून दिसणारी बिनबनियनची छाती, काळं पडलेलं नख, आणि डोळे. त्या डोळ्यांत जे होतं ते त्यांनी आरशात बघितलेलं असावं. त्यांनी तांब्याकडं हात नेला, तांब्या उचलला आणि तो त्यांच्या हातातून नीट, व्यवस्थित, मांडीवरच निसटला.

एकच धांदल उडाली. सुयश फडकं घेऊन आला, गोजरबाईनं ताट ओढलं, संध्यानं सईला उचललं. सईच्या पायावरही पाणी उडालं होतं, लंगोट एका बाजूनं चिंब होता. संध्यानं लंगोटाला हात लावला आणि वडलांकडं बघितलं.

"आबा, तिनं भिजवलं का तुम्हाला?"

"नाय गं बाई," बद्रीनाथ लेंगा झटकत म्हणाले. "तांब्या निसटला मपल्या हातून. पोरगी तर कोरडी ठाक व्हती."

संध्यानं सईचे पाय पुसले. मग तिनं सईला पुंडलिकच्या हातात दिलं आणि बॅग उघडून भरलेले कपडे परत कपाटात लावायला गेली. गोजरबाईनं डोळे पुसले आणि कांदा लई तिखट निघाला म्हणून सांगितलं.

पुंडलिकची नजर मात्र त्या लेंग्यावरच होती. तांब्याचं पाणी गुडघ्याकडून वर आलं होतं, थंड, पसरट. त्याच्या आत एक वेगळी, लांबट ओल होती, मांडीच्या आतून निघून खाली उतरलेली, आणि ती आधीची होती. एकतीस वर्षं ज्यानं ओल वाचली त्याला हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्याला खरं बोलायचं होतं. तो बोलायला तोंड उघडणार तोच सईनं त्याच्या शर्टाची गुंडी मुठीत धरली, आणि त्याच्याच्यानं बोलवेना.

निघताना तो व्याह्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला, नातीला कडेवर घेऊन. बद्रीनाथ ओल्या लेंग्यानंच गाडीपाशी आले. मागच्या सीटवरची गादी त्यांनी गुंडाळून बाजूला ठेवली आणि ते स्टिअरिंगवर बसले. काच खाली करून त्यांनी सईच्या गालाला बोट लावलं, आणि मग पुंडलिकला जवळ बोलावून हळूच म्हणाले,

"इवाई, डाव्या मांडीकडून गळतंय. तेवढं इलॅस्टिक आवळून घ्या."